जुने गोवे एका दिवसात: धक्क्यापासून वर चढावे की डोंगरावरून खाली उतरावे?

आंबोलीघाट

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात जुन्या गोव्यासाठी एक अख्खा दिवस ठेवला आहे, सध्या शुक्रवार धरलाय. सोबत आई-बाबा (दोघेही सत्तरीपुढचे, बाबांचे गुडघे दुखतात) आणि आठवीतली भाची. गाडी आमचीच, मुक्काम पणजीत.

सहलीच्या बसवाले बॉम जेझुस आणि से कॅथेड्रल दाखवून तासाभरात मंगेशीला पळवतात, तसे नको आहे. मांडवीकाठी एवढे मोठे शहर होते म्हणतात, ते होते कुठे आणि त्यातले आज काय उरले आहे, हे नीट समजून घ्यायचे आहे. सुरुवात कुठून करू? चढण किती आहे? काय बंद असू शकते? आणि पोर्तुगीज येण्याआधीचे काही दिसते का, हा बाबांचा खास प्रश्न.

---

चिरेखाण

सुरुवात धक्क्यावरून करा. पार्किंगमधून उतरून थेट बॉम जेझुसमध्ये शिरले की मोकळ्या हिरवळीवर सुट्या सुट्या पडलेल्या चर्चेस दिसतात, शहर काही दिसत नाही. हे शहर नदीकडून वर चढत गेले. जहाज मांडवीत नांगरायचे, माणूस धक्क्यावर उतरायचा आणि कमानीखालून सरळ रस्त्याने बाजारात जायचा. त्याच वाटेने चाला म्हणजे कोणती इमारत कशासमोर उभी होती ते आपोआप जुळत जाईल.

धक्का आणि व्हाइसरॉयची कमान. दिवाडीची फेरीबोट सुटते तिथून नदीकडे पाठ करून उभे राहा, समोरच कमान आहे. १५९७ मध्ये व्हाइसरॉय म्हणून आलेला फ्रान्सिस्को द गामा हा वास्को द गामाचा पणतू. पणजोबांच्या स्मरणार्थ त्याने ही बांधवली आणि नदीकडच्या अंगावर वास्कोचा पुतळा बसवला. नवा व्हाइसरॉय कारभार हाती घ्यायला याच कमानीखालून शहरात शिरत असे. आता कमानीतून आत जा आणि मागे वळून वर बघा. शहराकडच्या बाजूला हातात तलवार घेतलेली बाई आहे आणि तिच्या पायाखाली पालथा पडलेला इथला माणूस. वास्कोचा फोटो काढून बहुतेक लोक पुढे जातात, हे दुसरे शिल्प राहून जाते. वास्तविक सत्तेला काय सांगायचे होते ते इथेच सगळ्यात उघडपणे सांगितले आहे. आजची कमान मात्र सगळीच जुनी नाही, ती १९५४ मध्ये नव्याने उभारली आहे.

फोटोचे सांगायचे तर नदी शहराच्या उत्तरेला आहे. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे वास्कोची बाजू दिवसभर सावलीत राहते. तिथे उन्हाची वाट पाहू नका.

आदिलशाही वाड्याचे दार. कमानीपासून चार-पाच मिनिटांवर, सेंट कॅजेटनच्या आवाराजवळ. काळ्या दगडाचे दोन खांब, वर आडवी तुळई आणि खाली पायऱ्यांचा चौथरा, एवढेच. विजापूरकरांचा वाडा इथे होता. १५५४ पासून १६९५ पर्यंत पोर्तुगीज व्हाइसरॉय त्यातच राहत. नंतर तो ओस पडला आणि १८२० मध्ये पाडला गेला. दगड वाया गेला नाही. जुन्या गोव्यातले पुष्कळ चिरे नदीने पणजीला गेले आणि तिथल्या इमारतींत बसले. तुमचा मुक्काम पणजीत आहे, म्हणजे जुन्या गोव्याचा थोडा भाग तुम्ही तिथेही पाहालच.

सेंट कॅजेटन. इटालियन थिएटाईन पाद्र्यांनी बांधलेले, १६६१ मध्ये पुरे झाले. रोमच्या सेंट पीटर्सचा नमुना पुढे ठेवलाय हे दर्शनी भागावरून आणि घुमटावरून कळते. घुमटाच्या बरोबर खाली जमिनीत चौकोनी विहीर आहे, वरून झाकलेली. इथे गर्दी नसते आणि बसायला बाके आहेत. आई-बाबांची पहिली विश्रांती इथेच होऊ द्या.

सेंट कॅथरीनचे कपेल, म्हणजे छोटे प्रार्थनाघर. से कॅथेड्रलच्या पश्चिमेला, झाडांत लपलेले. २५ नोव्हेंबर १५१० रोजी, सेंट कॅथरीनच्या दिवशी, आफोन्सो द आल्बुकेर्कने शहर घेतले, त्याची आठवण. गव्हर्नर जॉर्ज काब्रालने १५५० मध्ये ते वाढवले आणि तेव्हाच लावलेल्या शिलालेखात म्हटलेय की आल्बुकेर्क ज्या दारातून आत शिरला ते दार या जागी होते. मुसलमानी शहराचा कोट कुठपर्यंत होता याचा अंदाज त्या एका ओळीवरून बांधता येतो. आताची वास्तू १९५२ ची डागडुजी होऊन आलेली.

मग से कॅथेड्रल, सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी आणि त्याला लागून पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय. रस्ता ओलांडला की बॉम जेझुस. शेवटी वरचा डोंगर, मोंते सांतो.

---

खोर्लीकार

चिरेखाण यांनी शहराचा क्रम अगदी बरोबर सांगितला आहे, पण तो तिशीतल्या माणसासाठी आहे. गुडघे दुखणाऱ्याने दिवसभर चालून दुपारी तीननंतर डोंगर चढायचा म्हणजे सेंट ऑगस्टीनपर्यंत कोणी पोचतच नाही. मी उलटे सुचवतो.

पण त्याआधी शुक्रवार बदला. पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय शुक्रवारी बंद असते. रविवारही टाळा. सकाळी बॉम जेझुसमध्ये मिस्सा (सामूहिक प्रार्थना) असतात, पाहुण्यांना साडेदहाच्या पुढेच मोकळेपणी फिरता येते आणि तोवर बसगाड्या येऊन थडकलेल्या असतात. मंगळवार-बुधवार उत्तम. दुसरा आठवडा निवडलात ते बरे केलेत. सायबाचे, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचे, फेस्त ३ डिसेंबरला, त्याआधी २४ नोव्हेंबरपासून नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थना. त्या दिवसांत गाडी फार अलीकडे अडवतात आणि पार चालत जावे लागते. फेस्तानंतरही काही दिवस फेरीची दुकाने रस्त्याकडेला असतात, वाहतूक थोडी तुंबते, एवढेच.

आता क्रम. साडेआठ-नऊला गाडीने सरळ मोंते सांतोवर जा. वरपर्यंत डांबरी रस्ता आहे. सेंट ऑगस्टीनच्या पडक्या चर्चचा मनोरा, सांता मोनिकाचा मठ आणि तिथले ख्रिस्ती कला संग्रहालय ही तिन्ही एकमेकांसमोर आहेत, गाडी एकदा लावली की पुन्हा काढायला नको. पुढे रस्ता जिथे संपतो तिथे आवर लेडी ऑफ द रोझरी. तिथपर्यंतही गाडी जाते.

ऑगस्टीनच्या अवशेषांत सावली नाही, म्हणून तो भाग दहाच्या आत उरका. जमीन ओबडधोबड आहे, मध्येच कबरींच्या फरश्या आणि चिऱ्यांच्या पायऱ्या. बाबांना काठी द्या आणि मधल्या मुख्य दालनापर्यंतच न्या. बाजूच्या खोल्यांत भाचीला पाठवा. मनोरा बाहेरूनही तेवढाच दिसतो.

साडेअकराच्या सुमारास खाली या. गांधी पुतळ्याच्या चौकाच्या आसपास भाजी-पाव, चहा, शहाळी मिळतात. पोटभर जेवायचे असेल तर रायबंदरच्या वाटेवर किंवा थेट पणजीला जाऊन यावे लागेल. त्यात दोन तास जातात, म्हणून डबा आणलेला बरा. चर्चच्या हिरवळीवर डबा उघडू देत नाहीत, गाडीत किंवा धक्क्याकडे खा.

दुपार जाड भिंतींच्या आत काढायची: संग्रहालय, असिसी, से. साडेतीननंतर बॉम जेझुस, कारण त्याचे तोंड पश्चिमेला आहे आणि तांबडा दगड त्याच उन्हात उठून दिसतो. सेचे तोंड पूर्वेला, त्यामुळे त्याचा फोटो सकाळीच. मोंते सांतोला जाताना वाटेतच दोन मिनिटे थांबून काढून घ्या. धक्का आणि कमान सगळ्यात शेवटी, संध्याकाळी. तिथे सपाटीच आहे.

कपड्यांचे आताच सांगतो. खांदे-गुडघे उघडे असतील तर आत सोडताना हटकतात. भाचीसाठी एक ओढणी गाडीत ठेवा. आणि आत माणसांचे फोटो काढण्याबद्दल दारात पाटी असते, ती वाचूनच मोबाईल काढा. चर्चना तिकीट नाही, दोन्ही संग्रहालयांना आहे.

---

चिरेखाण

मान्य, चढणीचा मुद्दा मी सोडून दिला होता. मग एवढे तरी करा: सकाळी मोंते सांतोला वळण्याआधी गाडी पाच मिनिटे धक्क्यावर न्या. उतरूसुद्धा नका. नदी कुठे आणि कमान कुठे हे एकदा डोळ्यांत बसले की वरून, रोझरीच्या आवारातून, मांडवी बघताना दिशा चुकत नाहीत.

आणि एक गफलत टाळा. मोबाईलच्या नकाशात 'गोवा वेल्हा' टाकू नका. ते तिसवाडीच्याच दक्षिण टोकाला, जुवारीच्या बाजूचे, पिलारजवळचे गाव. तिथे पोर्तुगीजांच्या कितीतरी आधी इथे राज्य करणाऱ्या कदंब राजांचे गोपकपट्टण होते. पणजी–मडगाव रस्त्यावर भलत्याच दिशेला जाऊन पोचाल. तुम्हाला हवे ते 'ओल्ड गोवा'. पणजीहून रायबंदरमार्गे साधारण नऊ-दहा किलोमीटर. बायपासने लवकर पोचाल, तरी जाताना रायबंदरचाच रस्ता धरा. पणजी सोडताच खाजनातून (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीतून) जो लांब सरळ बांध लागतो तो व्हाइसरॉय लिन्हारिशच्या काळातला, १६३३-३४ चा. तीन किलोमीटरच्या आसपास आहे आणि अजून रोजची वाहतूक अंगावर घेतोय.

---

पाटीवाचक

कुठे जायचे ते वर आले. आत गेल्यावर नक्की कशाकडे बघायचे ते मी लिहितो. वाटाड्या बरोबर असला तरी तो पंधरा मिनिटांत बाहेर काढतो.

बॉम जेझुस. बांधकाम १५९४ ला सुरू झाले, १५ मे १६०५ ला अभिषेक झाला. दर्शनी भाग खालून वर वाचा. प्रत्येक मजल्यावर खांबांची घडण बदलत जाते: डोरिक, आयोनिक, कोरिंथियन आणि सगळ्यात वर मिश्र. सगळे मुख्यत्वे आपल्या जांभ्यात, पण बारीक कोरीव काम काळ्या दगडात आहे. तो दगड वसईहून आणलेला. जांभ्यात इतकी बारीक नक्षी टिकत नाही, कडा झडतात.

आत उजवीकडे सेंट फ्रान्सिस झेवियरची समाधी. हिचे वेगवेगळे भाग आहेत आणि ते सगळे एकाच हातचे नाहीत, हे आधी माहीत असले तर बघायला मजा येते. खालचा संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्सचा शिल्पकार फोज्जिनी याचा. तस्कनीचा ड्यूक तिसरा कोसिमो द मेदिची याने तो पाठवला आणि १६९८ मध्ये इथे जोडला. चौथऱ्याच्या चारही बाजूंना ब्राँझचे एकेक चित्रफलक आहेत, त्यांत झेवियरच्या आयुष्यातले प्रसंग. आणि वरची चांदीची पेटी मात्र गोव्याच्याच सोनारांची, १६३६-३७ ची, म्हणजे चौथऱ्यापेक्षा साठ वर्षांनी जुनी. तिच्यावर ३२ चांदीचे पत्रे आहेत. अडचण एवढीच की पेटी खूप उंचावर आहे आणि खालून नुसती चमक दिसते. छोटी दुर्बीण असेल तर घेऊन जा, खरेच उपयोगी पडते. फलकांसाठी समाधीच्या बाजूंना जावे लागते. पुढून एकच दिसतो आणि गर्दी पुढेच असते.

झेवियर ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्यावरच्या सान्सियान बेटावर वारला. शव दर दहा वर्षांनी दर्शनासाठी खाली उतरवतात. मागचे दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असे झाले. त्यामुळे 'शव जवळून दाखवतो' असे कोणी सांगितले तर हसून पुढे व्हा.

से कॅथेड्रल. १५६२ ला सुरुवात, १६१९ ला मुख्य काम पुरे, वेद्या १६५२ पर्यंत चालल्या. लांबी सुमारे ७६ मीटर, रुंदी ५५. समोर उभे राहिलात की डावीकडे एकच मनोरा दिसतो. उजवीकडचा, म्हणजे उत्तरेचा, १७७६ मध्ये कोसळला आणि पुन्हा बांधला नाही. उरलेल्या मनोऱ्यात सोन्याची घंटा म्हणतात ती. सोन्याची नाही, नाव आवाजावरून. आत मुख्य वेदीच्या सोनेरी पडद्यावर सेंट कॅथरीनच्या आयुष्याचे आणि हौतात्म्याचे फलक आहेत. भाचीला ते क्रमाने वाचायला सांगा, गोष्ट उलगडते.

सेच्या समोरच्या मोकळ्या जागेकडेही बघा. इन्क्विझिशनचा, म्हणजे पाखंडाचे खटले चालवणाऱ्या चर्चच्या न्यायासनाचा, वाडा तिथे होता. १५६० ते १८१२, मधली चार वर्षे सोडून, ते न्यायासन चालले. वाड्याचा आज मागमूस नाही, म्हणून हिरवळीवरून चालणाऱ्याला काही कळत नाही.

सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी. आजची इमारत १६६१ ची, पण दार आधीच्या चर्चचे ठेवले आहे. काळ्या दगडाचे, मॅन्युएलाईन घडणीचे, दोरखंडासारखी वळलेली नक्षी. बाकी पांढऱ्या भिंतीत ते वेगळे पडते. आत पाऊल टाकलेत की खाली बघा. जमीन कबरींच्या फरश्यांची आहे, त्यांवर घराण्यांची चिन्हे आणि लेख.

संग्रहालय. याच चर्चच्या मठात, १९६४ पासून. पायऱ्या चढायच्या तर वर व्हाइसरॉय-गव्हर्नरांच्या तसबिरींची ओळ. ओळीने साठेक चेहरे बघून कंटाळा येतो, त्यातून भाचीने कमानवाला फ्रान्सिस्को द गामा शोधून काढावा. बाबांना मात्र खालीच थांबवा. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर खालच्या दालनात आहे: कदंबकाळातले वीरगळ, सतीशिळा, देवमूर्ती. वीरगळ खालच्या पट्टीपासून वर वाचायचा: खाली लढाई, मध्ये वीराला अप्सरा नेतात, वर तो शिवलिंगापुढे. गोव्याच्या काही वीरगळांवर जहाजांची लढाई कोरलेली आहे, ती चुकवू नका.

---

आंबोलीघाट

केवढी माहिती! शुक्रवार रद्द, बुधवार केला. धक्का गाडीतून, मग वरचा डोंगर, असे ठरवते. दोन शंका. सेंट ऑगस्टीनला जॉर्जियाच्या राणीचा काय संबंध, असे कुठे कुठे वाचले. आणि बॉम जेझुसचा दगड इतका झिजलेला का दिसतो? बाकीच्या चर्चेस पांढऱ्या आहेत.

---

चिरेखाण

झिजलेला दिसतो कारण उघडा आहे. बाकीच्या चर्चेसना चुन्याचा गिलावा आहे, त्याचा पांढरा रंग दिसतो. बॉम जेझुसलाही होता. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला तो मुद्दाम काढला, दगड 'ऐतिहासिक' दिसावा म्हणून. तिथून दुखणे सुरू झाले.

जांभा हा सच्छिद्र दगड. खाणीतून ताजा काढला की मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो, हवेवर कडक होतो. पण पाणी तो शोषत राहतो. कोकणात आपण जांभ्याचे घर गिलाव्याशिवाय ठेवतो तेव्हा वर उतरते छप्पर आणि बाहेर आलेल्या वळचणी असतात, भिंतीला सरळ पाऊस लागत नाही. इथे उंच सपाट दर्शनी भिंत, वळचण नाही, आणि तोंड पश्चिमेला, म्हणजे पावसाळ्यात वारा-पाऊस बरोबर अंगावर. पाणी शिरते, आतली माती धुपते, भोके मोठी होतात, वरून शेवाळ धरते. जवळ जाऊन पाहिलेत तर काही चिऱ्यांना बोट जाईल एवढे खड्डे दिसतील. हात मात्र घासू नका, भुगा हाताला लागतो.

पुन्हा गिलावा करावा की नाही यावर वाद आहे. लोकांना तांबडे बॉम जेझुसच ओळखीचे झालेय, पोस्टकार्डावर तेच असते. माझे मत विचाराल तर चुन्याचा गिलावा हवाच. पण सिमेंटचा अजिबात नको. सिमेंट पाणी आत कोंडते आणि दगड आतून कुजतो.

सेंट ऑगस्टीनचे काय झाले ते याच्या शेजारी ठेवून बघा. १८३५ मध्ये सरकारने धर्मसंघ बंद केले, मठ ओस पडला. छताची डागडुजी थांबली, पाणी मुरले आणि १८४२ मध्ये मुख्य कमानछत कोसळले. १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि निम्मा मनोरा पडला. उरलेला मनोरा साधारण ४६ मीटर उंच. लोक म्हणतात भूकंप झाला, तोफा डागल्या. तसले काही नाही. छप्पर गेले की जांभ्याची इमारत शंभर वर्षांत अशी होते.

---

पाटीवाचक

राणीचे: केतेवान ही जॉर्जियाची राणी. इराणच्या शाह अब्बासने धर्म बदलायला सांगितले, तिने नकार दिला आणि १६२४ मध्ये शिराजला तिला हाल करून मारले. तिथले ऑगस्टिनियन पाद्री तिचे काही अवशेष घेऊन गोव्याला आले आणि ते या मठात ठेवले गेले. मठ पडला तेव्हा जागाही हरवली. जुन्या पोर्तुगीज कागदांत पेटी कोणत्या खिडकीपाशी ठेवली याचे वर्णन होते, त्यावरून पुरातत्त्व खात्याने चॅप्टर सभागृहाच्या (मठातल्या पाद्र्यांच्या बैठकीच्या दालनाच्या) भागात शोध घेतला आणि २००५ मध्ये हाडे सापडली. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेने डीएनए तपासला. त्यात निघालेला वंशगट भारतात सहसा आढळत नाही, पण जॉर्जियात आढळतो. जुलै २०२१ मध्ये भारताने ते अवशेष जॉर्जियाला भेट दिले.

म्हणून आज तिथे बघायची ती जागा. मनोऱ्याकडे तोंड केलेत की मधले दालन आणि दोन्ही बाजूंना कपेलांच्या ओळी दिसतात, काहींच्या भिंतींना अजून रंगीत फरशीचे तुकडे चिकटलेले आहेत. तुकडे खाली पडलेलेही दिसतील. उचलू नका आणि भाचीलाही उचलू देऊ नका, हे संरक्षित स्मारक आहे. चर्चची घंटा शोधू नका, ती पणजीत आहे. पायऱ्यापायऱ्यांच्या त्या पांढऱ्या चर्चच्या माथ्यावर १८७१ पासून तीच वाजते.

रोझरीचे चर्च आतून बरेचदा बंद असते, तरी जा. १५४९ च्या सुमाराचे, म्हणजे आज उभ्या असलेल्या जुन्या चर्चपैकी एक. कोपऱ्यांवर गोल बुरूज, चर्चपेक्षा गढीसारखे. १५१० च्या लढाईत आल्बुकेर्क याच टेकडीवर उभा राहून पाहत होता म्हणतात. दार उघडे मिळाले तर वेदीजवळ कातारिना हिची कबर बघा. गव्हर्नर गार्सिया द सा याची ती बायको. कबरीवरची नक्षी युरोपातली नाही, गुजराती वळणाची आहे.

---

तारीवरून

बाबांचा प्रश्न संग्रहालयात अर्धाच सुटतो. उरलेला अर्धा नदीपलीकडे आहे. तुम्ही संध्याकाळी धक्क्यावर येणारच आहात, तर तासभर आधी या आणि गाडीसकट दिवाडीची फेरीबोट धरा. पायी माणसाला तिकीट नाही, चारचाकीला नाममात्र भाडे. नदी पाच-सात मिनिटांत ओलांडते.

दिवाडीला उतरलात की खाजनाच्या शेतांतून सरळ रस्ता पियेदाद गावाला जातो. टेकडीवर चर्च, आणि शेजारच्या दफनभूमीत एक छोटे कपेल आहे. त्याच्या छताला कदंबकालीन देवळाचा कोरीव दगड आहे. टेकडीवरून मांडवीपलीकडे सगळे जुने गोवे एका नजरेत दिसते: सेचा मनोरा, कॅजेटनचा घुमट, ऑगस्टीनचा उभा तुकडा. चिरेखाण म्हणतात ते शहर 'नदीकडून' कसे दिसत असेल ते इथून कळते.

वेळ असेल तर बेटाच्या उत्तर टोकाला जा. सप्तकोटेश्वराचे मूळ देऊळ याच बाजूला होते. कदंब राजे स्वतःला 'सप्तकोटीश्वरलब्धवरप्रसाद' म्हणवत. पहिले देऊळ बहामनींच्या काळात मोडले, विजयनगरच्या माधव मंत्र्याने ते पुन्हा उभे केले, १५४० च्या सुमारास पोर्तुगीजांनी पाडले. लिंग नदीपलीकडे नार्व्याला नेले. तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी करवला, १३ नोव्हेंबर १६६८ चा शिलालेख दाराच्या वर आहे, शके १५९० कीलक संवत्सर कार्तिक वद्य पंचमी. संस्कृतात आहे, पण लिपी देवनागरीच, बाबांना वाचता येईल. दिवाडीहून नार्व्याला दुसरी फेरीबोट जाते आणि तिथून डिचोलीमार्गे पणजीला परतता येते, आल्या वाटेने यायला नको.

---

खोर्लीकार

हे सगळे एका दिवसात बसणार नाही, तारीवरूनबाब. सत्तरीच्या माणसांना नऊपासून फिरवून संध्याकाळी नार्व्याला नेले तर शिलालेख वाचायला उजेडही नसेल. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. आंबोलीघाट, तुम्ही पियेदादपर्यंतच जा आणि जुन्या गोव्याच्याच धक्क्यावर परत या. नार्वे दुसऱ्या दिवशी घरी जाताना करा, पणजीहून डिचोली–दोडामार्गवरून सावंतवाडीकडे निघालात तर थोडीच वाट वाकडी होते.

---

तारीवरून

तेही चालेल. मग फक्त फेरीबोटीचे सांगतो. ओहोटीला उतरणीचा रस्ता जास्त उघडा पडतो आणि खालचा भाग शेवाळाने निसरडा असतो. आई-बाबांना गाडीतच बसू द्या, पायी चढवू-उतरवू नका. गाडी लावताना तारीवरचा माणूस हात करील तसेच घ्या, हँडब्रेक ओढा आणि गिअरमध्ये ठेवा. संध्याकाळी पाच-सातच्या दरम्यान कामावरून परतणाऱ्या दुचाक्यांची रांग लागते, चारचाकीला एखादी फेरी थांबावे लागते. त्यामुळे दिवाडीहून साडेचारच्या आतच परत निघा. बॉम जेझुसला मग साडेतीनऐवजी दोनलाच जावे लागेल. ऊन तेव्हाही दर्शनी भागावर असते, फक्त जरा पांढरे.

---

आंबोलीघाट

ठरले. बुधवारी नऊला मोंते सांतो, अकराला खाली, संग्रहालय–असिसी–से, दोनला बॉम जेझुस, तीनला फेरीबोट, परतल्यावर कमान आणि कॅजेटन. नार्वे गुरुवारी परतीच्या वाटेवर. दुर्बीण शेजाऱ्यांकडून मागून घेते.

---

पाटीवाचक

कॅजेटन परतल्यावर नको, दारे बंद व्हायची वेळ होते. तीनच्या आधी फेरीबोटीकडे जातानाच करा, वाटेवरच आहे. आदिलशाही दार आणि कमान उघड्यावर आहेत, ती संध्याकाळीही चालतील.